रस्त्याकडची डी आणि नाल्याकडची एफ

आई आम्हाला दोनदा सोडून गेली. पहिल्यांदा आजारपणाने आणि दुसऱ्यांदा माझ्यामुळे.

पहिल्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं. दुसऱ्या वेळी मात्र सगळं मीच केलं, आणि तेही शास्त्रशुद्ध पद्धतीने! धुळ्याच्या एका शाळेत मी संगणक शिकवतो. (हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कळलं की लोक जास्त हसतात.)

आईचा गळा गोड होता. श्रावणात आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसली की भाऊबंदकीतल्या साऱ्या बाया तिच्या मागून गाणी म्हणायच्या. एरवी कोणी मोबाईल समोर धरला की ती तोंडाला पदर लावून गप्प! त्यामुळे तिचा आवाज होता तो आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी लहान असताना भरलेल्या एका कॅसेटमध्ये. ती गाणी मी जुन्या कॉम्प्युटरमध्ये घेतली आणि कॅसेट भंगारात काढली.

"राहू दे ना रे सुभाष, डबामा पडी राही," आबा म्हणाले होते.

"आबा, आता कॅसेटची गरज नाही," मी हसून म्हणालो होतो. ते हसणं मला अजून आठवतं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आई गेली त्या वर्षी दुखवट्यामुळे कानबाई बसली नाही. यंदा बसणार होती आणि आबांनी जाहीर करून टाकलं होतं, "यंदा बी तीच गाई!" त्यासाठी घरात नवा कॉम्प्युटर आला, दोन दांडगे स्पीकर आले. जुना कॉम्प्युटर मोडीत काढून त्याची हार्ड डिस्क, आईच्या गाण्यांसकट, मी नव्यात बसवली. राहता राहिलं जागेचं वाटप.

पडद्यावर तीन भाग दिसत होते. डी म्हणजे आईच्या गाण्यांची जुनी डिस्क. ई आणि एफ हे नव्या डिस्कचे कोरे भाग. मी शिस्तीचा माणूस, म्हणून आधी डायरीत लिहिलं: 'डी – आबा. आईची गाणी. हात लावायचा नाही!' खाली दोन रेघा. 'ई – मी. एफ – दीपक. फॉर्मॅट करून देणे.' फॉर्मॅट म्हणजे तो भाग साफ पुसून पाटी कोरी करणं.

दीपक माझा धाकटा भाऊ. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे मला नाल्याकडचा?"

"अरे, यात नाला कुठे आला?"

"पहिला रस्त्याकडचा, शेवटचा नाल्याकडचा. पिंपळनेरच्या शेतात पण तू हेच केलं होतं!"

"सगळे सारखे आहेत रे!"

"सारखे आहेत ना? मग तू घे एफ."

आमच्या घराण्यात वाटणीची एक रीत आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. आबांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर चढवली, म्हणजे आता निवाडा होणार.

"धाकलानी ज्यावर बोट ठेवं ते त्यानं," आबा म्हणाले.

दीपकने डीवर बोट ठेवलं. (कॉम्प्युटरची पूजा नुकतीच झाली होती, त्यामुळे पडद्यावर कुंकवाचा ठिपकाही उमटला.) आता आली का पंचाईत! पण मी संगणकाचा मास्तर! गाणी हलवत बसण्यापेक्षा नुसती अक्षरंच बदलली. दीपकच्या कोऱ्या भागाला डी म्हटलं, आईच्या डिस्कला एफ. दोन मिनिटांत दीपक रस्त्याला लागला.

"मना वाटा नाल्याकडे गया तरी चाली," आबा म्हणाले. "तिना आवाज शे ना त्यामा?"

"आहे आबा. अगदी सुरक्षित."

सगळे खूश झाले. अक्षरं बदलली, वाटे बदलले. डायरी तेवढी बदलायची राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डायरी उघडून कामाला बसलो. 'एफ – दीपक. फॉर्मॅट करून देणे.' कॉम्प्युटरने विचारलं, यातली सगळी माहिती पुसली जाईल, नक्की ना? अशी सूचना आली की थांबा, दोनदा वाचा, असं मी वर्गात घसा फोडून सांगतो. मी थांबलो नाही. नक्की, म्हटलं! मग मोकळ्या झालेल्या जागेत दीपकच्या मेव्हण्याच्या लग्नाचं शूटिंग भरलं. सावद्याचं लग्न, तीन तासांचं, त्यातले दोन तास नुसती वरात.

गुरुवारी आबा धुतलेलं धोतर नेसून कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसले. माझी बायको कल्पना चहा घेऊन आली.

"लाव," आबा म्हणाले.

मी डायरीत बघून डी उघडला. रिकामा. एफ उघडला आणि दोन्ही स्पीकरमधून बॅंड दणाणला! पडद्यावर गॉगल लावलेला एक इसम केळीच्या बागेजवळ घोड्यापुढे लोळून नाचत होता.

"हाई कोन शे?" आबांनी विचारलं.

"दीपकच्या मेव्हण्याचा दोस्त."

"मंग तुनी माय कोठे शे?"

मी डायरीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि मग कळलं, एफ पुसताना मी आईलाच पुसलं होतं.

"अहो, एवढा घाम का आलाय?" कल्पनाने विचारलं. मी सांगितलं. आबा उठले, स्वतः स्पीकरचं बटण बंद केलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. स्मशानातसुद्धा ते इतके गप्प नव्हते. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी पहिल्या गाडीने मी जळगावला निघालो. तिथे सलीमभाई पुसलेल्या डिस्कमधून माहिती काढून देतात असं ऐकलं होतं. डिस्क टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवली होती. दारात कल्पना म्हणाली, "आईंना नीट धरा हो."

सलीमभाईंनी डिस्क हातात घेतली. "फॉर्मॅट झालं ना? काही टेन्शन नाही भाऊ, निघतं ते. फक्त नंतर वरून काही भरलं तर नाही ना?"

"लग्न."

"किती?"

"तीन तास."

सलीमभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भाऊ, तुम्ही काम काय करता?"

"शेती," मी म्हणालो.

शनिवारी त्यांनी बोलावून घेतलं. गाणी गेली होती. सगळी. वरातीखाली आई पार गाडली गेली होती. फक्त सुरुवातीचा एक तुकडा निघाला, बारा सेकंदांचा. मी तो तिथेच ऐकला आणि म्हणालो, "सलीमभाई, हा नाही दिला तरी चालेल."

"न्या भाऊ," ते म्हणाले. "अम्मीचा आवाज आहे."

रविवारी कानबाई बसली. बायांनी घर भरलं. आबांनी सांगितलं, "लाव, जे शे ते." मी लावलं. आधी टेपची खरखर, आणि मग त्या दांडग्या स्पीकरांतून, सगळ्या भाऊबंदांसमोर, आई कडाडली:

"सुभाष! हात नको लावू रे त्याले! सुभाष! तू ज्याले हात लावस ते बठ्ठं बिघाडी टाकस!"

खट्. संपलं.

मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळं घर हसत सुटलं. हसता हसताच बायांचे पदर डोळ्यांना लागले. शेवटी मावशीने फाटक्या आवाजात आईचं गाणं उचललं आणि बाकीच्या तिच्या मागून म्हणू लागल्या. आबा भिंतीला टेकून ऐकत होते. "तिनाच आवाज शे," ते एवढंच म्हणाले.

आज आबांच्या वाट्याच्या अख्ख्या डिस्कमध्ये ती एकच फाईल आहे. ती लावायला आबा दीपककडून शिकले, माझ्याकडून नाही. मी घरातल्या कुठल्याही यंत्राकडे हात नेला, मग तो मिक्सर का असेना, की आबा ती लावतात. आई ओरडते आणि मी हात मागे घेतो.

बारा सेकंदांत ती दोनदा माझं नाव घेते. म्हणून हल्ली काहीही बिघडलेलं नसलं, तरी दिवसातून एकदा मी मिक्सरकडे हात नेतोच.