कोमोडो राहू द्या, आंबोलीचा बेडूक बघा

नाही, थांबा! "बेडूक बघायला साडेतीनशे किलोमीटर कोण जातं?" हे आधी मागे घ्या. मी गेले. मामाला घेऊन.

मामा चाकणचा, कंपनीत मशीनवर. त्याला इंडोनेशियाला जाऊन कोमोडो बघायचाय, माणसापेक्षा लांब, हरीण फाडणारी घोरपड. पासपोर्टसुद्धा काढलाय. मी म्हटलं, आधी आंबोलीचा बेडूक बघ. कोमोडो धोक्यात आहे, हा त्याच्याही पुढे, अतिधोक्यात.

शनिवारी सकाळी तिसरी शिफ्ट सुटली आणि मी त्याला गेटवरूनच उचललं, पायात सेफ्टी शूज तसेच. गाडी मी चालवली, तो कोल्हापूरपर्यंत घोरला. तिथे जेवलो. पुढे निपाणीवरून आजऱ्याचा रस्ता, झक्कास आहे. चारला आंबोली. होमस्टेची खोली बाराशेला, जेवण धरून.

होमस्टेच्या काकूच कातळावर घेऊन गेल्या. बेडूक दिसला! अंगठ्याएवढा, कुशीवर नारिंगी पट्टे.

"एवढुसाच व्हय?" म्हणत मामाने पाऊल पुढे टाकलं, थेट डबक्याच्या काठात.

"खंय पाय ठेवतास? पोरां आसत थंय!" काकू ओरडल्या.

परातीएवढं डबकं, तळाशी काळी पिल्लं. आणि पाण्यावर रंगीत तवंग पसरत चाललेला. बुटाच्या खाचांतलं मशीनचं ऑइल. मामाने पाय झटकन मागे घेतला. मी ओंजळ घालायला वाकले.

"ढवळू नगं! ऑइल खाली जाईल."

खिशातून त्याने कॉटन वेस्ट काढलं, मशीन पुसायचा सुताचा गुंता. कंपनीत ऑइल सांडलं की करतात तसं, घासायचं नाही, नुसतं टेकवायचं, उचलायचं, नवा तुकडा टेकवायचा. अर्धा तास गुडघ्यांवर. काकू त्याच्यावर छत्री धरून.

सकाळी मामा अनवाणी, सगळ्यांच्या आधी तिथे. पिल्लं वळवळत होती. त्याने डबक्याला हात जोडले, मग काकूंना. मीही जोडले.

सोमवारी कंपनीत छेडलंच म्हणे, "बेडूक तर आपल्या गटारातबी हायेत, राव!"

"हायेत. पण त्यांच्या घरात मी ऑइल न्हाई सोडलं."

कोमोडोला बेटं आहेत, काठीवाले रक्षक आहेत. याला परातभर पाणी. तो आपल्याला खाऊ शकतो, याला आपण न बघताच मारतो. जाणार असाल तर चपला गाडीत ठेवा. खडे टोचतात, टोचू द्या.

पिल्लांना पाय फुटले का ते बघायला मामा आज परत निघालाय. खाली हॉर्न वाजवतोय. तुमचं काय ते राहू द्या, मी चालले.