शेवटची फ्रेम वहिनींची

फिल्मवर फोटो काढणाऱ्या माणसांकडे फोटो थोडे आणि किस्सेच फार साठतात. निम्मा रोल बिघडतोच, मग सांगायला दुसरं उरतं काय! आमच्या अमरावतीच्या टोळक्यातले बरेचसे किस्से दिवाकरभाऊंचे आणि त्यांच्या जुन्या झूम लेन्सचे. ऑटोफोकसचे लाड नाहीत. नळी पुढेमागे सरकवली की झूम, तीच फिरवली की फोकस.

*

नळी वापरून वापरून ढिली झालेली. कॅमेरा झुकवला की आपोआप घसरायची. सेमाडोहला खाली नाल्यात अस्वल दिसलं. भाऊंनी श्वास रोखून नेम धरला, नळी घसरली आणि फोटोत आलं अख्खं जंगल! अस्वल आम्ही अजून शोधतोय.

भाऊंनी नळीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. म्हणाले, "लेन्सले बी लंगोट लागते गा!"

*

भाऊंचा एक नेम होता. रोलची शेवटची फ्रेम शोभावहिनींची. पण ही लेन्स जवळचं पकडत नाही. म्हणून वहिनी दारात जास्वंदीपाशी, आणि भाऊ मागे सरकत सरकत फाटकाबाहेर, थेट रस्त्यावर.

"लोकायचे नवरे जवळ येतेत, आमचे मांगं मांगं जातेत!" वहिनी ओरडायच्या. तरी पदर नीट करूनच उभ्या राहायच्या.

*

मग फोटो धुरकट यायला लागले. आम्हा सगळ्यांचं निदान एकच, लेन्सला बुरशी. जुन्या लेन्सला ती लागतेच. अकोल्याच्या रहीमचाचांकडे दोनदा खोलून पुसून आणली. भाऊ स्वतःच हसायचे, "माह्या लेन्सले मोतीबिंदू झाला लेका!" असं वर्ष गेलं.

एकदा चांदूर रेल्वेच्या स्टेशनवर भाऊ वैतागले. "हे घे, तूच पाय. काईच दिसून नाही राह्यलं."

मी डोळा लावला. समोरच्या फलाटावरची पाटी अक्षर न् अक्षर स्पष्ट.

"भाऊ, मले तर साफ दिसून राह्यलं."

दुसऱ्याच दिवशी भाऊंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आधी यायला हवं होतं. वर्षभर आम्ही लेन्स पुसत बसलो होतो. फार वाईट वाटतं.

*

परवा गेलो होतो. भाऊंना आता उजेडही कळत नाही. दारात खुर्चीवर बसलेले, कॅमेरा मांडीवर. त्यात रोल नाही, हे मला माहीत, वहिनींनाही माहीत. त्या शेजारीच गहू निवडत होत्या.

बोलता बोलता भाऊ म्हणाले, "शोभा, रोल संपत आला वाटते."

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. उठल्या, अंगण ओलांडून फाटकाबाहेर थेट रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. तिथून हाक दिली, "इथं हाय मी!"

भाऊंनी लेन्स आवाजाकडे वळवली. नळी फिरवली, थोडी इकडे, थोडी तिकडे.

"हालू नको. हां... आता आली साफ."

वहिनींनी पदर नीट केला.