सारख्या वाटलेल्या गोळ्या

विठाबाईंना नर्स म्हटलेलं खपत नसे आणि आया म्हटलेलं तर त्याहून नाही. नाशिकरोडच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात त्या झाडलोट करत, सुया उकळत, पेशंटचे नंबर लावत. पण त्यांचं खरं काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. दारात उभं राहून त्या दुखणी ओळखत. डॉक्टर आत नाडी बघेपर्यंत बाहेरच्या बाकावर निम्मा निकाल लागलेला असे.

द्राक्षांच्या दिवसांत बाकावर जागा पुरायची नाही. जो तो म्हणायचा, "द्राक्षं खाल्ली नि घसा धरला."

"गरीब बिचाऱ्या द्राक्षांना कशाला नावं ठेवता?" विठाबाई खेकसायच्या. "पडसं एकाला झालं की घरभर फिरतं. त्याला काय द्राक्षं लागतात?"

मग बाकावरच्या पोराला त्या दारातल्या उन्हाकडे तोंड करून उभं करायच्या, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबायच्या आणि "आ कर" म्हणून आत डोकावायच्या. नाक वाहतंय, शिंका आहेत, खोकलाही आहे, म्हणजे साधं पडसं. त्याला मिठाच्या गुळण्या, कोमट पाणी, आलं घातलेला गवती चहा आणि चार दिवस विसावा. सुई टोचल्याशिवाय ज्यांना बरंच वाटत नाही अशा महाभागांना हे पटायचं नाही. डॉक्टर देवमाणूस, पण बाई भारी खाष्ट, असं म्हणत ते घरी जायचे आणि आठवड्यात बरेही व्हायचे.

पण नाक कोरडं, खोकला नाही, अंग तापाने फणफणलेलं, घशात पांढरे ठिपके आणि जबड्याखाली बोराएवढ्या दुखऱ्या गाठी, असं पोर दिसलं की त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. मग नंबर वगैरे काही नाही. हाताला धरून पोर थेट डॉक्टरांसमोर.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत मैना अशीच आत गेली. आठ वर्षांची, काटकुळी, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. तिची आई कुसाबाई सिन्नरकडची. बाप मंगळू रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचा. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या वीस गोळ्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, दहा दिवस. बरं वाटलं तरी थांबायचं नाही. हे डॉक्टरांनी एकदा सांगितलं आणि विठाबाईंनी तीनदा.

पाचव्या दिवशी दुपारी विठाबाई त्या वस्तीवरून चालल्या होत्या. मैना अंगणात लगोरी खेळताना दिसली. बरं वाटलं त्यांना. सहज म्हणून त्या दारात थांबल्या आणि गोळ्या वेळेवर देतेस ना, असं त्यांनी कुसाबाईला विचारलं.

"संपल्या की!" कुसाबाई कौतुकाने म्हणाली. "लय गुणाच्या गोळ्या, मावशी. मैनीला तीन दिसांत उतार पडला. मग म्हनलं, धाकट्या तिघांची नाकं गळतात, त्यांनी काय पाप केलं? चौघांना तीन-तीन दिल्या. दोन उरल्या, त्या सासूबाईंना. त्यांना बी खोकला हाय ना."

रागवायचं तरी कोणत्या तोंडाने? या घरात एका भाकरीचे चार चतकोर व्हायचे आणि एकही चतकोर लहान-मोठा नसायचा. कुसाबाईने गोळ्यांनाही तोच न्याय लावला होता. तरी विठाबाई कडाडल्याच. "अगं, साध्या सर्दीला या गोळीचा काडीचा उपयोग नाही! आणि जिला हव्यात तिच्याच तोंडच्या काढल्यास!"

"पन ती तर बरी हाय," कुसाबाई गोंधळून म्हणाली. "एवढं काय झालं त्यात?"

विठाबाई उंबऱ्यावर बसल्या. नाशिकात आल्यापासून जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्यांनी तिथे सांगितलं. मनमाडला असताना त्यांच्या गोदाचा घसा असाच धरला होता. ती नऊ वर्षांची होती. तीन दिवसांत हिंडू-फिरू लागली. पुढे तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे. वाढीचं दुखणं आहे म्हणून सगळ्यांनी तेल चोळलं. घशातलं दुखणं तोवर सांध्यांतून काळजात उतरलं होतं. चौदाव्या वर्षी तिला कळशी उचलवेना. चार पायऱ्या चढली की खाली बसायची. सोळावं काही तिने पाहिलं नाही.

"तिच्या गोळ्या मीच थांबवल्या होत्या, कुसा," विठाबाई म्हणाल्या. "बरी झाली म्हणून."

कुसाबाईने मैनाला हाक मारली, तिचं हात-तोंड धुतलं आणि तशीच दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून दहा दिवस मोजायला लावले. या खेपेला सकाळ-संध्याकाळ विठाबाई स्वतः जाऊन गोळी द्यायच्या. "आमाला बी!" म्हणून धाकटे तिघं आ करून रांगेत उभे राहायचे. त्यांच्या तोंडात त्या खडीसाखरेचा खडा टाकायच्या आणि वर, "गुळण्या केल्यास का रे, लबाडा?" असं दरडावून विचारायच्या.

गोळ्या संपल्या, पण विठाबाईंचा घोर संपला नाही. येता-जाता त्या मैनाचे गुडघे दाबून बघायच्या. दुखतंय का, असं इतक्यांदा विचारायच्या की पोरगी कंटाळून गेली.

महिन्याने डॉक्टरांनी मैनाच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. कुसाबाई एका बाजूला आणि विठाबाई दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. "काही नाही," डॉक्टर म्हणाले. "हृदयाचे ठोके स्वच्छ आहेत. घेऊन जा."

बाहेर आल्याबरोबर मैनाने आईचा हात सोडवला आणि रस्त्याने सुसाट धूम ठोकली.

"मैने, पळू नको, पडशील!" कुसाबाई ओरडत तिच्यामागे निघाली. विठाबाईंनी तिचा दंड घट्ट धरला.

"पळू दे गं," त्या म्हणाल्या. "पळू दे तिला."