बॉडी

"बॉडी किती वाजता येणार?" पार्किंगमध्ये कुणीतरी विचारलं आणि माझ्या तोंडातला चहा कडू झाला. कालपर्यंत हे तळमजल्यावरचे नाना होते. आपल्या कुंडीतली गवती चहाची पात ते याच लोकांना तोडून द्यायचे. रात्री दवाखान्यात गेले काय, सकाळी सगळ्यांच्या तोंडी एकदम बॉडीच. "बॉडी दारातून वळेल ना?" "उकाडा आहे, बॉडी फार वेळ ठेवू नका." जणू नवा सोफा आत घ्यायचा होता.

आपल्याकडे शब्द काय कमी आहेत? प्रेत आहे, पार्थिव आहे, मढं आहे. मढं म्हणताना निदान जीभ अडखळते. बॉडी मात्र गुळगुळीत, फिनेलने पुसून काढल्यासारखी. किळस येते मला या शब्दाची, आणि तो सहज उच्चारणाऱ्या तोंडांचीही.

गाडी आली. चौघांनी नानांना उचलून घरात आणलं.

"बॉडी इथेच दाराशी ठेवा," कुणीतरी म्हणालं.

भिंतीला टेकून बसलेल्या नानी तेवढ्यात उठल्या.

"दाराशी नको," त्या म्हणाल्या. "पंख्याखाली ठेवा. ह्यांना फार उकडतं."