कढीपत्त्याला ताक

समोरच्या बाल्कनीत कुंदावहिनी मोबाइल कठड्यावर ठेवून कढीपत्त्याच्या मुळाशी ताक ओतत होत्या. मोबाइलवर थेट कार्यक्रम करणारी ती मुलगी फक्त कुंडीतल्या झाडांबद्दल बोलते. ऐकणारी माणसं असतील शे-दीडशे. "कुंदाताई, फुटली का हो पालवी?" तिने विचारलं, आणि वहिनी चक्क लाजल्या.

मी रेडिओवर बातम्या वाचायचो. माझा आवाज आला की गावोगावचे लोक घड्याळं लावायचे. पण कुणाच्या घरचा कढीपत्ता सुकलाय, हे मला कधी कुणी कळवलं नाही. एवढं सगळं राज्य ऐकत होतं, त्यात कुंदावहिनीही असतीलच की!

त्या पोरीचा मला भयंकर राग येतो.

काल मीही कढीपत्त्याचं रोप आणलं. पाणी मुद्दाम घालत नाही. ते सुकलं, की तिला कळवायचं. मग तिला माझंही नाव घ्यावं लागेल.