समुद्राचं वेळापत्रक

चहा घेऊन टाका आधी. ही गोष्ट सुरू केली की मला राग येतो, राग आला की मी हातवारे करतो, आणि मागच्या खेपेला एकाच्या धोतरावर अख्खा कप सांडलाय.

कुणाचा राग म्हणता? विचारा ना! मुंबईच्या दलालांचा, त्या मनसुखभाईचा, परभणीवाल्यांचा. आणि समुद्राचा. हो, समुद्राचा! हसा, हसा. तुमचं काय जातंय?

लढाईच्या आधीची गोष्ट. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, माझी कापसाची अडत होती. आष्टीपासून जाफराबादपर्यंतच्या बैलगाड्या माझ्या दारात सुटायच्या. सरकी काढायची, गाठी बांधायच्या आणि रेल्वेनं मुंबईला लावायच्या. आणि मुंबईत काय? गाठी उघड्यावर! भिजल्या तर भिजल्या. वरून दलालाचं पत्र, 'माल ओलसर आहे.' अरे, ओला केला कोणी? आम्ही काय कुंडलिका नदीत बुचकळून पाठवून राह्यलो का? मुंबईचं पाकीट आलं की माझी बायको ते पदराखाली दडवायची आणि माझं जेवण झाल्यावरच हातात द्यायची. जेवणाआधी दिलं तर ताट भिंतीवर जायचं.

अशात एक दिवस मनसुखभाई आला.

पश्चिमेकडं, खाडीच्या तोंडाशी, एका छोट्या संस्थानाचं बंदर हाय. नाव न्हाई सांगत. बिचाऱ्यांचं माझ्यामुळं आधीच लई नुकसान झालंय. तिथल्या दरबारानं मनसुखभाईला गावोगाव फिरायला पाठवलं होतं. काम एकच, व्यापाऱ्यांना सांगायचं की मुंबई सोडा, आमच्या बंदरात या. पांढरी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि काखेत चादरीएवढा नकाशा. बन्सीशेठच्या दुकानात त्यानं तो नकाशा भिंतीला टांगला. बन्सीशेठ म्हणजे आमच्या मोंढ्यातले सगळ्यात वडीलधारे. ते बोलले की बाकीचे गप.

"शेठ लोको," मनसुखभाई म्हणला, "नवा धक्का बांधलाय. नवी गोदामं, वर पत्रा. तुमच्या गाठीवर पाण्याचा एक थेंब पडणार नाही. आणि जो बाजार पहिला करार करेल, त्याला एक अख्खं गोदाम कायमचं! दारावर गावाचं नाव!"

दारावर गावाचं नाव! अहो, सगळ्यांचे डोळे चमकले. समुद्रकाठी मोठ्या अक्षरात 'जालना'! मी तर उभाच राह्यलो.

बन्सीशेठनं मात्र पानाची पिंक टाकली आणि म्हणले, "नकाशा कोणीबी काढंल. रंगनाथ, तू जाऊन बघून ये. तुझी नजर कडक हाय. सोबत कासीमभाईला ने. बराबर वाटलं तर तार कर, इथं आम्ही सह्या करून तयार बसतो."

कासीमभाईची सरकी काढायची जिनिंग होती, माझ्या अडतीच्या समोरच. शांत माणूस. इतका शांत की त्याच्याशी भांडताना मलाच दोघांचं बोलावं लागायचं.

आता एक गोष्ट कबूल करतो. मी समुद्र पाहिला न्हवता. माल मुंबईला जायचा, मी मोंढ्यातच बसायचो. माझा पाण्याशी संबंध म्हणजे घरची विहीर आणि आमचा मोती तलाव. पण हे बन्सीशेठला सांगायचं कशाला? कडक नजर म्हणले ना ते!

दोन दिवस गाड्या बदलत बदलत आम्ही सकाळी नऊच्या सुमाराला त्या बंदराच्या ठेसनात उतरलो. मनसुखभाई हार घेऊन हजर. टांग्यातून धक्क्यावर नेलं. गोदामं खरंच नवी होती. पत्रा असा चकचकीत की डोळे दिपले. मी खूश होऊन धक्क्याच्या कडेला गेलो आणि खाली वाकून पाहिलं.

पाणी न्हाई!

म्हणजे थोडं न्हाई, कमी न्हाई, बिलकुल न्हाई! खाली नुसता चिखल. नजर जाईल तिथवर चिखल. त्यात चार-पाच गलबतं आडवी पडलेली, बाजारात बैलं बसतात तशी. एका गलबताखाली कुत्रं झोपलं होतं.

"मनसुखभाई," मी म्हणलो, "समुद्र कुठाय?"

"आवशे ना, शेठ! येईल!"

"येईल म्हणजे? कुठं गेलाय?"

"ओहोटी छे ना आता. दोन वाजता बघा, जहाज आत येईल एवढं पाणी!" आणि त्यानं खिशातून छापील कागद काढला. "हे बघा. वेळापत्रक."

समुद्राचं वेळापत्रक! तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? ओहोटी हा शब्द मला ठाऊक न्हवता असं न्हाई. पण मी समजायचो, हातभर पाणी खाली-वर होत असंल. अख्खं बंदर रिकामं पडतं, कुत्री येऊन झोपतात, हे कोणी सांगितलं होतं? आमच्या मोती तलावाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं तर वर यायला पुढचा पावसाळा लागतो. आणि हा गडी म्हणतो दोन वाजता!

"दोन वाजता?" मी ओरडलो. "ही काय रेल्वे हाय? कोणी झेंडी दाखवतो का समुद्राला?"

कासीमभाईनं माझी बाही ओढली. "भाऊ, जरा सबर. इसको मद्दोजज़र कहते. वालिद हजला गेल्ते तवा सांगत होते."

मद्दोजज़र! आमच्या उर्दू शाळेत मौलवीसाहेबांनी ह्या शब्दासाठी मला छड्या मारल्या होत्या. अर्थ काय, तर चढउतार. मी आजवर समजत होतो की हा बादशहांच्या नशिबाचा चढउतार. त्यात पाण्याचा काय संबंध?

"तुमचे वडील साधे माणूस," मी म्हणलो. "कोणीबी फसवलं असंल."

बोलायला नको होतं. कासीमभाईचा चेहरा उतरला. त्याच वेळी त्यानं मला टांग्यात कोंबून बांधायला पाहिजे होतं. का न्हाई बांधलं? त्याचाही राग येतो मला!

मी तडक तारघरात. तारमास्तरला म्हणलो, "जल्दी लिहा. जालना, बन्सीशेठ. बंदरात पाणी नाही. धोका आहे. करार करू नका."

तारमास्तरनं चष्म्यावरून पाहिलं. "शेठ, दुपारपर्यंत थांबता का?"

"तुम्हीबी त्यांच्यातलेच का?"

त्यानं खटखट सुरू केली आणि तार गेली.

मनसुखभाई अक्षरशः हात जोडून उभा. "शेठ, चार तास! फक्त चार तास थांबा!" मी म्हणलो, परतीची गाडी पाचला हाय, म्हणून थांबतो. तुमच्यासाठी न्हाई. जेवण दिलं, ते मी खाल्लं न्हाई. उपाशी पोटी माझा राग दुप्पट होतो.

बारा वाजले असतील. माझ्या डोक्यात आलं, कासीमभाईला पटवून द्यायचं की हे बंदर म्हणजे नुसतं उघडं माळरान हाय. धक्क्याच्या पायऱ्या खाली चिखलात उतरत होत्या. मी धोतर खोचलं आणि उतरलो.

"कहां चले, भाऊ?" कासीमभाई वरून.

"त्या गलबताला हात लावून येतो! बंदरात लोक पोहतात, मी चालून दाखवतो!"

वीस-पंचवीस पावलं गेलो. पहिली दहा बरी होती. मंग पाय घोट्यापर्यंत. मंग पोटरीपर्यंत. मंग उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला, आणि तो काढायला डावा रोवला तर तोही गेला. काळ्या जमिनीतला चिखल मला लहानपणापासून माहीत. पण तो बैलाला सोडतो, माणसाला सोडतो. ह्या चिखलानं मला असं धरलं, जसं माझं त्याच्याशी जुनं भांडण होतं.

आणि मंग आवाज आला. सुपात धान्य पाखडतात ना, तसा सूं सूं आवाज. मान वळवून पाहिलं तर लांबून पाण्याची एक पातळ चादर पुढं सरकत येत होती. घाई न्हाई, गडबड न्हाई. गलबताखालचं कुत्रं उठलं, अंग झटकलं, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि धक्क्याकडं चालू लागलं. त्या कुत्र्याला वेळापत्रक माहीत होतं हो!

"कासीमभाई!" मी ओरडलो. "पाणी आलं!"

"हां, भाऊ," तो वरून म्हणला. "दिख रहा है."

पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं, कमरेला लागलं. तवा मात्र माझा सगळा राग पळून गेला. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. बायको दिसली, पदराखाली मुंबईचं पाकीट धरलेली. छातीला पाणी लागलं तवा मी देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी मनसुखभाईचं घेतलं.

कासीमभाई पायऱ्यांवरून खाली धावला, आणि हा शांत माणूस असा काही ओरडला की चार खलाशी होडी घेऊन निघाले. त्यांनी माझ्या काखेत दोर घातला आणि ओढलं. मी निघालो. माझ्या वहाणा आणि माझं धोतर निघालं न्हाई. ते तिथंच राह्यलं.

कासीमभाईनं आपली शाल माझ्याभोवती गुंडाळली. मीच म्हणलो, "तुमचे वालिद खरं सांगत होते." तो म्हणला, "हां." बस्स.

दोन वाजता काय पाहिलं म्हणून सांगू! जिथं चिखल होता तिथं हिरवंनिळं पाणी. आडवी पडलेली गलबतं उठून डुलून राह्यलेली. आणि बाहेरून एक मोठं जहाज, धूर सोडत, सरळ धक्क्याला येऊन लागलं. पत्र्याच्या गोदामांवर पाण्याची चमक नाचत होती. इतकं सुंदर बंदर मी जन्मात पाहिलं न्हवतं. म्हणजे दुसरं कोणतंच पाहिलं न्हवतं, ते सोडा.

शाल गुंडाळूनच मी तारघरात पळालो. "लिहा! पाणी आहे. भरपूर आहे. करार करा."

तारमास्तरनं लिहून घेतलं आणि आधीच आलेला एक कागद माझ्यापुढं ठेवला. बन्सीशेठची उलट तार. 'करार रद्द. परत या.'

आणि त्याच घटकेला धक्क्यावर टांगे येऊन थांबले. परभणीचे चार व्यापारी! दुपारच्या गाडीनं आल्ते. बघा नशीब, सकाळची गाडी चुकली म्हणून दुपारच्या गाडीनं आले, आणि भरलेला समुद्र पाहून तिथंच पेटीवर कागद ठेवून सह्या केल्या. त्यातल्या एकानं माझ्या शालीकडं बोट दाखवून मनसुखभाईला विचारलं, "हे कोण?"

मनसुखभाई भला माणूस. म्हणला, "जालन्याचे शेठ आहेत. पाहणीला आले होते."

जालन्याच्या ठेसनावर बन्सीशेठ स्वतः उभे. सोबत अर्धा मोंढा. मी उतरलो तर हार न्हाई, पाणी न्हाई. बन्सीशेठच्या हातात माझ्या दोन्ही तारा.

"सकाळी पाणी न्हाई, दुपारी पाणी भरपूर! रंगनाथ, मधल्या वेळात किती खाल्लं?"

मी लाच खाल्ली म्हणून! मी! ज्यानं तिथलं जेवणसुद्धा घेतलं न्हाई! मी ओरडलो, "शेठ, समुद्राचं पाणी जातं आणि परत येतं! दिवसातून दोनदा! वेळ ठरलेली असती!"

"वेळ ठरलेली असती?" बन्सीशेठ कडाडले. "समुद्र काय रेल्वे हाय?"

माझंच वाक्य माझ्या तोंडावर!

शेवटी कासीमभाई पुढं झाला. "शेठ, इनोने पैसा नहीं खाया. मैंने आंखों से देखा. पानी इनके सीने तक आया था, और इनकी धोती अभी भी उधर हय."

मंग ठेसनावरचा हमालसुद्धा हसायला लागला. लाचेचा आळ गेला. पण त्या हसण्यापेक्षा तो आळच बरा होता, असं मला वाटलं.

गोदाम गेलं परभणीला. आमच्या गाठी पुन्हा मुंबईला, पुन्हा उघड्यावर. पण गोष्ट इथं थांबली न्हाई. माझी पहिली तार जितकी पळाली तितकी दुसरी पळाली न्हाई. तीर्थपुरीच्या बाजारात गाडीवान एकमेकांना सांगायला लागले, 'त्या बंदरात पाणीच न्हाई म्हणे, जालन्याचा माणूस बघून आला.' अंबडला, परतूरला, सगळीकडं हेच. परभणीवाल्यांशिवाय कोणी त्या बंदराकडं फिरकंना.

चार महिन्यांनी मनसुखभाई पुन्हा मोंढ्यात आला. मी दुकानातून मागच्या दारानं निघालो होतो, पण त्यानं गाठलंच. मला वाटलं, आता हा मला मारणार. मारायलाच पाहिजे होतं. तर त्यानं नमस्कार केला आणि माझ्या हातात एक नवीन पत्रक ठेवलं. दरबारानं मुद्दाम मराठीत छापून घेतलेलं.

धक्का न्हाई, गोदाम न्हाई, पत्रा न्हाई. सगळ्यात वर, जाड जाड अक्षरात, पहिलीच ओळ होती, 'आमच्या बंदरात पाणी आहे.'

अख्ख्या दुनियेत असं छापावं लागलेलं हे एकच बंदर असंल!

आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात, 'जालन्याचे प्रतिष्ठित व्यापारी श्री. रंगनाथराव यांनी स्वतः आत उतरून खात्री केली आहे.'