विलासची सहावी ट्रॉफी

“भाऊ, हो का नाही, एवढंच सांगा,” छायावहिनी म्हणाल्या. “बाकी मले काही नोको.”

मी काउंटरच्या आत, त्या बाहेर. पाण्याचा ग्लास दिला होता, तो तसाच एका हातात, दुसऱ्यात मोबाइल. मोहगावहून पांढुर्ण्यापर्यंत बाई बसमध्ये उभी राहून आली होती. आणि मी तिच्याशी खोटं बोलायच्या तयारीत होतो.

पांढुर्ण्यात माझं ट्रॉफी आणि नेमप्लेटचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. शाळेचं गॅदरिंग, कबड्डीची टूर्नामेंट, रिटायर होणारे मास्तर, सगळ्यांची नावं माझ्या हाताखालून जातात. ट्रॉफी काय, कोणीही विकतो. खरं काम खालच्या प्लेटचं. पितळेची पातळ पट्टी असते, तिच्यावर लेझर मशीननं नाव कोरायचं. आधी मी हातानं कोरायचो, आता कॉम्प्युटरवर टाइप करून बटण दाबतो. पण कोरलं म्हणजे कोरलं. त्याला खोडरबर नाही. चुकलं की पट्टी भंगारात.

दरवर्षी सौसरला आमच्या बोलीतल्या सिनेमांचा पुरस्कार सोहळा होतो. मोठ्या शहरांत म्हणे स्टेजवर कोऱ्या प्लेटची ट्रॉफी देतात आणि नाव मागाहून बसवतात, म्हणजे नाव फुटायची भीती नाही. आमचे सेक्रेटरी कळंबेसर, त्यांना ते पटत नाही. “कोरी ट्रॉफी देनं म्हनजे मानसाले रिकाम्या ताटावर बसवनं,” असं त्यांचं म्हणणं. म्हणून सोहळ्याच्या दहा दिवस आधी बंद पाकिटात लिस्ट माझ्याकडे येते. ज्यूरी, सर आणि मी, एवढ्यांनाच नावं माहीत.

आणि दोन वर्षांआधी मी फुटलो होतो. चहाच्या टपरीवर एकाने डिवचलं, “तुले काय घंटा माहीत राहते?” झालं, मी उत्कृष्ट अभिनेत्रीचं नाव सांगून मोकळा. दुपारपर्यंत ते सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. दुसरी नटी रुसून सोहळ्यालाच आली नाही. कळंबेसर दुकानात आले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही का हो?” गावात माझं नावच दवंडीवाला पडलं. लाज वाटली बाप्पा. त्या दिवशी मी ठरवलं, यापुढे बायकोलाही सांगणार नाही. मागच्या वर्षी ते पाळलं. सर्वांना सांगत फिरलो की पहा, पाळलं.

आता विलासचं सांगतो. सिनेमात नट बोलत असतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा एक माणूस लांब दांडीला माईक लावून उभा असतो. त्या दांडीला बूम म्हणतात. विलासने दांडी धरण्यापासून सुरुवात केली आणि पुढे पूर्ण साउंड रेकॉर्डिस्ट झाला, म्हणजे सिनेमातल्या आवाजाची सगळी जबाबदारी त्याची. आईबाप मोहगावला दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात मजुरी करत. पोरगा कुठे शिकला, कसा शिकला, देव जाणे. पण कान असा, की शेजारच्या खोलीत पंखा चालू असला तरी शूटिंग थांबवायचा. माझ्या दुकानातही यायचा. हाताने कोरायची जुनी मशीन मला चालवायला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. “भाऊ, हिले ईकू नोका,” म्हणायचा. मी विकली नाही.

सलग पाच वर्षं उत्कृष्ट ध्वनीचा पुरस्कार त्याचाच होता. पाच पुरस्कार आणखी एका नटीचेही होते. सहा मात्र आजवर कोणालाच नव्हते. यंदा सहावा मिळाला तर रेकॉर्ड, अशी आमच्याकडे चर्चाच होती. पेपरवाल्यांनी लिहिलं, पोरांनी स्टेटस ठेवले. आणि त्याच वर्षी विलासच्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला. नागपूरला चार महिने काढले. मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

तर विलासची बायको, छायावहिनी, त्यासाठी आल्या होत्या.

“आमच्या यायचं काही खरं नाही भाऊ. जेवन सुटलं. दिवसभर एकच, सहावा भेटला का, सहावा भेटला का. सोहळ्यापर्यंत राहतीन का नाही, मले भरवसा नाही.”

“मग हो म्हनून टाका ना वहिनी,” मी म्हटलं. “मानसाच्या समाधानासाठी.”

“म्हटलं ना. हासले. म्हने, तुह्या आवाजातच समजून राहिलं का तुले माहीत नाही. आवाजाचा मानूस हाय जी, त्याले मी काय फसवू? तुम्ही सांगाल तर खरं राहीन. मंग मी बी खरं सांगू शकीन.”

लिस्ट माझ्या मागच्या कपाटात होती. विलासचं नाव मी सकाळीच वाचलं होतं, वाचून टाळीसुद्धा वाजवली होती. एक शब्द बोलायचा होता. हो. एवढाच.

मी म्हटलं, “लिस्ट अजून आलीच नाही वहिनी. आली का पहिले तुमाले सांगतो.”

त्यांनी हातातला मोबाइल पिशवीत टाकला. मग ग्लास काउंटरवर ठेवला आणि “बरं जी” म्हणून गेल्या. त्या गेल्यावर मला काय वाटलं, तेही सांगतो. मला माझाच अभिमान वाटला. वाटलं, पाहा, आता तरी कोणी दवंडीवाला म्हणून दाखवा.

तो अभिमान संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. जेवताना ताट तसंच सारलं. बायकोने विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो. दुसऱ्या दिवशी कळंबेसरांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. वाटलं, ते म्हणतील, झाली याची दवंडी सुरू, यंदाही राहवेना. तिसऱ्या दिवशीही तेच. नंबर काढायचा, पाहायचा, फोन खिशात.

चौथ्या दिवशी तिगावच्या शाळेत ट्रॉफ्या पोचवायला गेलो होतो. हेडमास्तर सही करून राहिले होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. विलास गेला. पहाटेच गेला.

तसाच मोहगावला गेलो. पुष्कळ लोक जमले होते, शूटिंगवालेही आले होते. मी मागे, भिंतीला लागून उभा राहिलो. पुढे जायची हिंमत झाली नाही. कळंबेसर माझ्याजवळ आले. डोळे लाल.

“बिचाऱ्याले समजलं तरी होतं का हो?”

“कसं समजनार सर? मी सांगितलं नाही.”

“त्याहिच्या घरून कोनी विचारलं नाही?”

“वहिनी आल्या होत्या. मी म्हटलं, लिस्ट आली नाही.”

सरांनी माझा दंड धरला. “काऊन?”

“तुम्हीच तर म्हटलं होतं...”

“अरे बाप्पा, ते चहाच्या टपरीसाठी म्हटलं होतं. मरनाऱ्या मानसाले सांगाले कोन नाही म्हनते? मले एक फोन नाही केला तुम्ही? मी सोता येऊन सांगितलं असतं. ट्रॉफीच देऊन टाकली असती हातात!”

 

जाताना सर म्हणाले, “प्लेटवर नावाच्या आधी स्वर्गीय टाका.” मी नवीन पट्टी घेतली आणि टाकलं. डोकं ठिकाणावर नव्हतं, हात मात्र सवयीने चालला.

सोहळा झाला. सौसरचं लॉन भरलेलं. सूत्रसंचालकाने आवाज चढवून सांगितलं की सहा वेळा हा पुरस्कार घेणारा आमच्या सिनेमातला हा पहिलाच माणूस. सगळे उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पाच पुरस्कारवाली नटीही उभी राहून रडत होती. छायावहिनी पांढऱ्या साडीत स्टेजवर आल्या, ट्रॉफी घेतली. कोणीतरी माईक पुढे केला. त्या एवढंच म्हणाल्या, “मागच्या लोकायले आवाज येऊन राहिला का? हे पहिले तेच पाहत.” मी तोंडावर रुमाल धरला.

खाली उतरल्यावर त्या सरळ माझ्याकडे आल्या. वाटलं, आता बोलतील. त्यांनी प्लेटवर बोट ठेवलं. “भाऊ, आमच्यात स्वर्गीय नाही लिहत. कालकथित लिहतात.”

खरं आहे. बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात. स्वर्ग ते मानत नाहीत. तीस वर्षांत अशा शेकडो प्लेटा मीच कोरल्या असतील. आणि नेमकी विलासची चुकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन प्लेट घेऊन मोहगावला गेलो. स्क्रू काढले, जुनी काढली, नवीन बसवली. ट्रॉफी बाबासाहेबांच्या फोटोखाली बाकीच्या पाचांच्या ओळीत ठेवली. आता उठून निघता आलं असतं. पण राहवलं नाही.

“वहिनी, तुम्ही आल्या तवा लिस्ट माह्याकडेच होती. विलासचं नाव होतं त्याच्यात. मी खोटं बोललो.”

“माहीत हाय,” त्या म्हणाल्या.

“कसं?”

“तुम्ही लिस्टचं सांगाले लागले तवा फोन लावला होता ना माह्या हातात. यायनंच म्हटलं होतं, भाऊ सांगाले लागले का चालू कर, मी ऐकतो. तुमचं बोलनं ऐकलं यायनं. घरी आली तर म्हने, भाऊ खोटं बोलून राहिला, लिस्ट आलेली हाय.”

मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, चला, त्याला समजलं होतं.

“मंग म्हने,” वहिनी बोलत होत्या, पण आता माझ्याकडे पाहत नव्हत्या, “आपलं नाव असतं तं भाऊच्यानं राहवलंच नसतं. त्याहिच्या तोंडात तीळ भिजत नाही. नाही भेटला म्हनूनच लपवून राहिले, आपल्याले वाईट वाटू नये म्हनून. जाऊ दे, पाच काय कमी हायेत? त्याच्यानंतर मंग त्यायनं इचारलंच नाही. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते.”

त्यांनी मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या. त्या चहा ठेवायला उठल्या. मी तो पूर्ण प्यालो, कारण नाही म्हणायचा मला हक्क नव्हता.

पुढच्या वर्षी कळंबेसर पाकीट घेऊन दुकानात आले, तेव्हा मी ते हातात घेतलं नाही. म्हटलं, “पहिले सांगा सर, याच्यात कोनी बिमार हाय का?” सर खाली बसले. आता दरवर्षी असंच असतं. कोणी आजारी असेल तर सर आणि मी आधी त्याच्या घरी जातो, तोंडाने सांगतो, मग मशीन लावतो. फार साधा नियम आहे. कागदावर लिहिला तर एक ओळ. विलास जिवंत असतानाही तो करता आला असता.